पिशवीत मावणारा संगणक

नागपूरला लोक लग्नाला जातात, अधिवेशनाला जातात, नाहीतर वाघ बघायला जाताना वाटेत एक मुक्काम करतात. मी गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरहून तिथे गेले ती एका संगणकाचे सुटे भाग निवडायला. कोल्हापुरात माझं संगणक जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे, त्यामुळे काम माझ्या हातातलं होतं. पण हा संगणक माझ्या भाच्यासाठी होता.

माझी मावसबहीण सुषमा लग्न होऊन नरखेड तालुक्यातल्या एका गावात गेली. घरची संत्र्याची बाग, थोडा कापूस. तिचा एकुलता एक मुलगा तन्मय आता तेवीस वर्षांचा आहे. स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारा आजार त्याला लहानपणापासून आहे. शाळेत असतानाच पाय थांबले आणि चाकांची खुर्ची आली. आता हातही उचलता येत नाहीत, बोटं तेवढी चालतात. झोपताना, आणि अलीकडे संध्याकाळी दमल्यावरही, नाकावर मास्क लावून श्वासाचं यंत्र सुरू करावं लागतं. असं असूनही तो त्या बोटांनी गेम खेळतो, आणि फार चांगला खेळतो.

दिवाळी झाल्यावर त्याचा फोन आला. लहानात लहान कॅबिनेटमध्ये बसेल असा गेमिंगचा संगणक त्याला हवा होता. नागपूरचे दुकानदार मोठाच गळ्यात मारतात, म्हणून तू ये, असं त्याचं म्हणणं. लहानच कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, आल्यावर सांगतो. खुर्चीपुढच्या टेबलावर जागा कमी असेल, असं मी धरून चालले.

नागपूर

स्टेशनाबाहेर पडले तेव्हा कोवळं ऊन होतं आणि हवेत कोरडा गारठा. आमच्याकडच्या थंडीला पंचगंगेची ओल असते. इथली थंडी थेट कातडीला लागते. सुषमाचे यजमान वसंतराव न्यायला आले होते. मी त्यांना दाजी म्हणते. ते सगळे आदल्या दिवशीच गावाहून येऊन एका नातेवाइकांच्या तळमजल्यावरच्या घरी उतरले होते.

गेल्या गेल्या सुषमाने पोह्यांची बशी पुढे केली आणि वरून हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली. मग म्हणाली, "सांबार टाकू का?" तर्रीवर आणखी सांबार कशाला, म्हणून मी नको म्हटलं. तिने हातातली कोथिंबीर परत ठेवली तेव्हा कळलं की इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. एकाच गल्लीत वाढलेल्या आम्ही दोघी. तिच्या बोलण्यात आता कोल्हापूर शोधून सापडत नाही.

तन्मय खिडकीशी बसला होता. दोन वर्षांपूर्वी पाहिलं त्यापेक्षा मान बारीक झालेली, डोळे मात्र तसेच. त्याच्याजवळ गजानन होता. हा रामटेककडचा, तिशीतला माणूस. घरची धानाची शेती भावाकडे सोपवून गेलं वर्षभर तो तन्मयचं सगळं बघतो आहे.

सीताबर्डीतलं संगणकाचं दुकान पायऱ्या चढून वर होतं. दाजी आणि गजानन खुर्ची उचलायला वाकले, पण मालक स्वतः खाली उतरले. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये त्यांनी एक टेबल मांडून घेतलं आणि वरून खोके मागवले. अशी मोटारसायकलींच्या मध्ये बसून आम्ही खरेदी केली.

मोठ्या कॅबिनेटमध्ये निवड थोडी चुकली तरी खपून जाते. लहानात तसं चालत नाही, कारण प्रत्येक भाग दुसऱ्याची जागा खातो. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र उभं करणारा भाग, लांब घेतला तर वीजपुरवठ्याच्या डब्याला जागा उरत नाही. प्रोसेसरवरचा कूलर बोटभर उंच झाला की झाकण बसत नाही. त्यात सगळी उष्णता एवढ्याशा पोटात कोंडते. मी पट्टी घेऊन मापं सांगत होते आणि तन्मय मला दोनदा दुरुस्त करून गेला. त्याने महिनोन्‌महिने हेच वाचलं होतं.

मालकांना ते पाहवेना. ते दाजींना म्हणाले, "भाऊ, छोट्या डब्ब्यात कायले अडकता? मोठ्यात दमदार होईन."

दाजींनी तन्मयकडे पाहिलं.

"मले तो घेऊन जायचा आहे," तन्मय म्हणाला.

"कुठं?" सुषमाने विचारलं.

"नागपूरले. नोकरी लागली मले, आई. जानेवारीपासून इथंच राहीन म्हणतो."

मग त्याने सगळं सांगितलं. नवे गेम बाजारात यायच्या आधी खेळून त्यातल्या चुका शोधणारी एक कंपनी शहरात आहे, तिथे त्याची निवड झाली होती. त्याचा कॉलेजातला मित्र प्रणय नागपुरातच नोकरी करतो. दोघं मिळून तळमजल्याचं घर घेणार होते आणि गजानन सोबत राहायला तयार होता. संगणक असा हवा की गजाननने एका हाताने उचलून खुर्चीमागच्या पिशवीत टाकावा. सुट्टीला गावी जाताना तो बरोबर नेता येईल, कधी कंपनीत बोलावलं तर तिथेही.

"हे काम घरून नाई करता येत का?" सुषमा म्हणाली.

"येते. मले घरून नाई करायचं."

ती पार्किंगच्या तोंडाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. गजानन खाली बघत राहिला. त्याला हे आधीपासून माहीत होतं आणि ते लपवावं लागल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दाजी हातातला कार्डाचा खोका उलटसुलट करत होते. शेवटी ते मालकांना म्हणाले, या डब्यात बसन त्यातलं सगळ्यात भारी कार्ड कोणतं, ते द्या.

मी म्हटलं, दाजी, ते तापेल. पण तन्मय त्या खोक्याकडे ज्या नजरेने बघत होता ती पाहिल्यावर मी फार ताणलं नाही. जाळीच्या भिंतींचं, वर पट्ट्याची मूठ असलेलं एक कॅबिनेट आम्ही घेतलं. बुटाच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं. त्यात ते कार्ड कसंबसं बसत होतं.

गाव

नागपूरहून निघाल्यावर काटोल मागे पडलं की दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा लागतात. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला ऊस उभा असतो आणि तो पलीकडचं काही दिसू देत नाही. संत्र्याची झाडं बुटकी, गोल, ओळीत लावलेली, आणि त्यांच्या मधून दूरवर नजर जाते. आंबिया बहाराची, म्हणजे थंडी सरताना फुललेल्या संत्र्यांची, तोडणी चालू होती. कॅरेट भरून ट्रकच्या वाटेवर ठेवलेले होते. एरवी मी गाडी थांबवायला लावली असती. त्या दिवशी तसं म्हटलं नाही. गजानन दोन दिवसांसाठी आपल्या गावी गेला होता. मागच्या सीटवर माझ्या मांडीवर कॅबिनेटचा खोका होता आणि शेजारी सुषमा बाहेर बघत होती.

संध्याकाळी ती चुलीपाशी बसली तेव्हा मी जवळ जाऊन बसले. इकडे पाहुण्यांसाठी पाटोड्या करतात. बेसनाच्या वड्या थापून त्या झणझणीत रश्शात सोडायच्या. वड्या कापता कापता तिने सांगायला सुरुवात केली. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तन्मय मास्क लावून खेळत बसला होता आणि मास्क नाकावरून घसरला. त्याचा हात वर जात नाही, आवाज तर दाराबाहेरही पोचत नाही. यंत्राचा अलार्म वाजला, तो तिने गोठ्यापाशी ऐकला आणि पळत आली. तोवर त्याचे ओठ निळे पडायला लागले होते.

"तिथं तो आवाज कोन ऐकन, सांग," ती म्हणाली. "गजानन चांगला आहे. पण तो झोपन, बाजारात जाईन, फोनवर बोलत राहीन. मी तर झोपेतही ऐकते."

मी रश्शात वड्या सोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर ऊन आलं तशी दाजींनी बाज टाकली, तिच्यावर धुतलेली चादर अंथरली आणि आम्ही सगळे भाग मांडले. मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला तेव्हा तन्मय म्हणाला, "मावशी, तू नको. आईले करू दे."

सुषमा दारात उभी होती. तिला वाटलं तो गंमत करतो आहे.

"मी सांगतो, तू कर," तो म्हणाला. "माह्ये हात चालत असते तर मीच केलं असतं."

तिने हातातल्या बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या, हात साबणाने धुऊन कोरडे केले आणि बाजेच्या कडेला बसली. मी बाजूला झाले. पहिल्यांदा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्याच्यावर बसतात ती पाटी. ती इतकी लहान होती की तिचे दोन तळहात जोडले तर झाकून जावी. त्यावर प्रोसेसर बसवायचा. त्याच्या कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण असतो, तो पाटीवरच्या खुणेशी जुळवायचा, दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं. मग वरची दांडी खाली आणायची.

"हे तं तुटून राहिलं," ती थबकली.

"नाई तुटत. तसाच आवाज येते. दाब."

तिने डोळे मिटून दांडी दाबली.

तिचे हात मी आल्यापासून बघत होते. तन्मयला कुशीवर वळवणारे, घास भरवणारे, त्याची बोटं एकेक करून चोळणारे. त्याच हातांना आज तो सांगत होता, आणि ती त्याचं ऐकत होती. मधे एक स्क्रू निसटून पाटीखाली गेला आणि सगळं उलटं करून हळूच झटकावं लागलं. वीजपुरवठ्याच्या जाड वायरी एवढ्याशा जागेत वळवताना तिची बोटं सोलवटली. तन्मयने घाई केली नाही. एकदा ती वैतागून उठली, चहा करून आली आणि परत बसली. शेवटी कार्ड. ते आत गेलं, पण बोट शिरायला जागा उरली नाही.

दुपारी बटण दाबलं तर काहीच झालं नाही. पंखा नाही, दिवा नाही. सुषमाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय चाललं होतं मला ठाऊक नाही. ते चालूच न होणं तिला बरंही वाटलं असेल. तन्मयने तिला एकेक जोड दाखवायला सांगितला. मदरबोर्डला वीज देणारी मोठी वायर अर्धवट बसली होती. तिने ती अंगठ्याने दाबली. टक् आवाज आला, आणि मग पंखे फिरले.

"झालं?"

"झालं. तू केलं."

ती चादरीवरचा कचरा गोळा करायला लागली.

संगणक चालू असताना अलार्म बंद दाराआड ऐकू येतो का, या चाचणीची कल्पना तन्मयचीच होती. त्याला आईची भीती ठाऊक होती आणि तो ती टाळत नव्हता. त्या संध्याकाळी त्याने खोलीत मास्क लावून त्याचा सगळ्यात जड गेम सुरू केला. दाजी स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. सुषमा अंगणात खिडकीपाशी थांबली. पंधरा-वीस मिनिटांत ते भारी कार्ड तापलं आणि त्याचे पंखे घोंगावू लागले. त्याने मान हलवून खूण केली तसा मी मास्क नाकावरून जरा सरकवला. अलार्म वाजला. मी शेजारी उभी असून मला तो पंख्यांच्या आवाजाआडून बारीक ऐकू आला. स्वयंपाकघराचं दार उघडलं नाही. मी मास्क परत बसवला.

खिडकीतून सुषमा बघत होती. ती फक्त म्हणाली, "पाह्यलं?" आणि आत निघून गेली.

मी पंख्यांचा वेग कमी करून पाहिला. मग उष्णता चढली, चित्र अडखळायला लागलं आणि थोड्या वेळात संगणक बंदच पडला. हे नोव्हेंबरात. मे महिन्यात काय झालं असतं याचा विचारही नको. दाजी दारात येऊन उभे होते. आपल्याला आवाज आला नाही हे त्यांना कळलं होतं.

तन्मयने काळ्या पडद्यावरून नजर काढली. मग म्हणाला, "कार्ड बदलू. खालचं घेऊ."

"पण तुले तं हेच पायजे होतं ना?" दाजी म्हणाले.

"मले जायचं आहे, बाबा."

पुन्हा नागपूर

परत निघालो तेव्हा सुषमाही गाडीत बसली. कुणी तिला ये म्हटलं नव्हतं. मालकांनी कार्ड तपासून परत घेतलं आणि त्याऐवजी कमी ताकदीचं, आखूड कार्ड दिलं. आखूड कार्डामुळे कॅबिनेटमध्ये मोठा, संथ फिरणारा एक पंखा बसवायला जागा झाली. लहान पंखा जोरात फिरतो आणि किंचाळतो. मोठा हळू फिरून तेवढीच हवा ढकलतो. तन्मयला दोन-तीन गेम आता हवे तसे खेळता येणार नव्हते. त्याने ते स्वतःच सांगितलं आणि विषय संपवला. पार्किंगमधल्या टेबलावर सुषमाने झाकण उघडून कार्ड बदललं. या वेळी तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

ते झाल्यावर ती मला म्हणाली, "चाल, इतवारीत जाऊन येऊ."

इतवारीच्या बाजारात गाडी शिरत नाही. हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर गाठोडी घेतलेले हमाल, यांच्यातून वाट काढत आम्ही भांड्यांच्या ओळीत पोचलो. आमच्याकडे भांडी घ्यायला गेलं की दुकानदार आधी बसा म्हणतो. इथे उभ्या उभ्या व्यवहार चालतो आणि तरी कुणाला घाई दिसत नाही. सुषमाने एक मध्यम कुकर बघितला, तो ठेवला, त्याहून लहान मागितला. मग कढई, तवा, तीन ताटं, वाट्या, डाव, चिमटा. प्रत्येक वस्तू ती बोटांनी वाजवून बघत होती. दुकानदाराने सहज विचारलं, घरी लग्न आहे का.

"नाई," ती म्हणाली. "पोरगं राहाले चाललं इकडे."

मी रस्त्यावरच्या हातगाडीकडे बघायला लागले. तिच्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा आलं होतं आणि ते एका अनोळखी माणसापुढे आलं होतं. परत येताना भांड्यांचं पोतं मला धरू न देता तिनेच उचललं.

प्रणयने ठरवलेलं घर एका शांत वस्तीत, तळमजल्यावर होतं. दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. घर डिसेंबरपासून ठरलं होतं, पण घरमालकांनी चार दिवस आधीच किल्ली दिली होती. प्रणय कामावर होता. गावाहून परतलेल्या गजाननने तन्मयला आत आणलं, संगणक पिशवीतून एका हाताने काढून टेबलावर ठेवला, तारा जोडल्या आणि श्वासाचं यंत्र लावलं. तन्मयने गेम सुरू केला. दाजी त्याच्याजवळ थांबले.

सुषमाने नवा कुकर धुतला, तांदूळ-डाळ टाकून गॅसवर चढवला आणि स्वयंपाकघराचं दार लावलं. आत गजानन, ती आणि मी. तिने नळ सोडला. गजाननला कढई घासायला सांगितली आणि त्याला त्याच्या गावाकडच्या धानाचं विचारायला लागली, यंदा कापणी कशी झाली, भाव काय मिळाला. तो घासत घासत सांगत होता. कुकरची पहिली शिट्टी झाली. पाण्याचा आवाज चालू होता. ती मधेच त्याला उगाच मोठ्याने काहीतरी विचारायची. तिने त्याच्या कानांना एवढीसुद्धा उसंत दिली नाही.

बाहेर दाजींनी स्वतःच्या हाताने मुलाचा मास्क कधी सरकवला ते आम्हाला दिसलं नाही. दुसऱ्या शिट्टीच्या मागोमाग, पाण्याच्या आवाजातून, अलार्म आला. तो ऐकू येत होता. गजाननच्या हातातली कढई मोरीत पडली. ओले हात तसेच घेऊन तो दार ढकलून गेला.

मी सुषमाकडे पाहिलं. तिचं सगळं अंग दाराकडे झुकलं होतं, पण तिने दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली होती. इतकी घट्ट की सोललेल्या बोटांची पेरं पांढरी पडली. अलार्म अजून वाजत होता. ती जागची हलली नाही.

मग आवाज थांबला. मी नळ बंद केला.

उघड्या दारातून तन्मयचा बारीक आवाज आला, "आई, आलं का ऐकू?"

"हौ," ती म्हणाली, आणि हात सोडवून तिने गॅस बारीक केला.